कमी पैशात कुत्र्यांचं मैदान: जुन्या ॲजिलिटी साहित्याच्या नोंदी

९ नोव्हेंबर

सोयाबीन निघालं आणि धुऱ्यालगतचा तुकडा मोकळा झाला. तिथवर पाणी पोचत नाही म्हणून दादाने यंदा हरभरा टाकला नाही. मी तो तुकडा मागून घेतला. जूनपर्यंत ही जागा झिपरी आणि लाल्याची.

दोन्ही कुत्री गावठी. रात्री संत्र्याच्या बगीच्यात रोही आणि रानडुकरं हाकलतात, ते काम इमानाने करतात. दिवसा मात्र डोक्याला काही उद्योग नाही. झिपरी दुपारी उभ्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, दांडीवरून तोल सांभाळत चालत जाते, कोणी न सांगता. तिच्याकडे बघत बघतच ॲजिलिटीचा विचार पक्का झाला.

हा खेळ तसा नवा आहे. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मधल्या वेळेत लोकांना दाखवायला म्हणून पहिल्यांदा झाला. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून बेतलेला. उडीचे अडथळे म्हणजे जंप, बोगदा म्हणजे टनेल, चढ-उताराची ए-फ्रेम, सीसॉ, ओळीने उभ्या काठ्या म्हणजे वीव्ह पोल. कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने सगळं पार करायचं, माणसाने बरोबर धावत फक्त हाताने आणि आवाजाने दिशा द्यायची. पट्टा नाही, हात लावणं नाही.

बजेट १८,००० रुपये, दोन बोकडं विकली त्याचे. त्यावर एक रुपयाही जाणार नाही असं आईला सांगितलं आहे. एवढ्यात सगळा नवा संच येत नाही, म्हणजे जुनं शोधणं आलं.

जुनं घेताना एक नियम आधीच वहीत लिहून ठेवते: ज्या वस्तूची झीज डोळ्याला दिसते, हाताला लागते, ती जुनी घ्यायची. जिची झीज आत लपते ती नवीन घ्यायची किंवा स्वतः करायची. लोखंड गंजलं की दिसतं. प्लायवूड आतून सुटलं की वरून रंग छानच असतो, आणि दीड मीटर उंचीवर त्यावर कुत्रा असतो.

१४ नोव्हेंबर

कुत्र्यांची मापं घेतली. भिंतीला उभं करून, खांद्याच्या सगळ्यात उंच ठिकाणी पट्टी आडवी ठेवून. झिपरी ४६ सेंमी, लाल्या ५२ सेंमी.

एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंस्थेच्या नियमात उंचीप्रमाणे चार गट आहेत: ३५ सेंमीच्या आतला स्मॉल, ३५ ते ४३ मिडियम, ४३ ते ४८ इंटरमिडिएट आणि ४८ पासून पुढे लार्ज. उड्या त्याच क्रमाने २५-३०, ३५-४०, ४५-५० आणि ५५-६० सेंमी. म्हणजे झिपरी इंटरमिडिएट, लाल्या लार्ज. आम्हाला स्पर्धेला जायचं नाही, पण मापं स्पर्धेची धरली की काय विकत घ्यायचं आणि काय नाही ते नेमकं ठरतं. 'कुत्र्यांचा बोगदा' म्हणून बाजारात लहान मुलांचे खेळण्यातले बोगदे खूप विकायला असतात; व्यास ६० सेंमी नसेल तर लाल्या पाठ वाकवून, सरपटत जाईल.

लाल्या तीन वर्षांचा, झिपरी त्याहून मोठी. दोघांची हाडं भरलेली आहेत. शेजारच्या पोराचं सात महिन्यांचं पिल्लू आहे, त्याला पूर्ण उंचीच्या उड्या इतक्यात नाहीत. स्पर्धेतसुद्धा १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला एफसीआय उतरू देत नाही. पोराला समजावलं, त्याने तोंड पाडलं. बोगद्यातून खेळव म्हटलं, तेव्हा खुलला.

जमीन काळी. ओली असली की पंजाला चिकटते, वाळली की दगड होते आणि पुढे भेगा पडतात. भेगेत पंजा अडकला तर बोटच जायचं. दादाने वखराची एक पाळी घातली, ढेकळं फोडली, वरून नाल्यातली बारीक वाळू विस्कटली. पंजा थोडा रुतावा, पण घसरू नये, इतकंच हवं.

२३ नोव्हेंबर

नागपूर. एका प्रशिक्षकांनी आपलं केंद्र बंद केलं, त्यांचं सामान पाहायला गेले. वयस्कर गृहस्थ, प्रत्येक वस्तू किती वर्षं वापरली ते न विचारता सांगत होते. सगळ्या संचाचे त्यांनी २२,००० सांगितले. मी म्हटलं, "सर, आधी एकेक वस्तू नीट बघू द्या." त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं अंगणात मांडून दिलं.

टनेल. पाच मीटर लांब, ६० सेंमी व्यास, पीव्हीसीच्या कापडात तारेचं वेटोळं. पहिल्यांदा पूर्ण ताणून घेतला, कारण घडी घातलेला टनेल सगळेच चांगले दिसतात. मग एका तोंडाशी बसून दुसरं तोंड उन्हाकडे करून आत पाहिलं. भोकं असतील तर उजेडाचे ठिपके लगेच दिसतात. तळाच्या बाजूला तीन ठिपके होते, नखाएवढे, चिकटपट्टीने भागतील असे. तारेचे वेढे एकमेकांपासून हातभर लांब असले तर मधलं कापड खाली लोंबतं आणि कुत्र्याचा पाय त्यात गुंततो. इथे वेढे जवळजवळ आहेत, हे फार चांगलं. कुठे तार मुडपून टोक आत आलंय का, ते हात फिरवून पाहिलं. शेवटी कापड दोन बोटांत धरून दुमडलं. उन्हात कडक झालेलं पीव्हीसी दुमडलं की पांढरी रेघ उठते आणि तिथेच पुढे फाटतं. याला रेघ उठली नाही. हा टनेल सावलीत ठेवलेला होता. घ्यायचा.

सीसॉ. फळी ॲल्युमिनियमची, ३.६६ मीटर लांब, ३० सेंमी रुंद. मधला लोखंडी स्टँड ६० सेंमी उंच. एका टोकाला डोळा लावून फळीची धार पाहिली, बाक नाही. जोडाच्या रिव्हेटांभोवती तडे नाहीत. वरचा रबरी थर जागोजागी निघालेला, पण ते दिसतंय आणि दुरुस्त होतंय. खोट निघाली ती मधल्या दांड्यात: फळी हातात धरून आडवी हलवली तर बोटभर डुलते. दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजला आहे. फळी कुत्र्याच्या पायाखाली वर-खाली व्हावी, डावी-उजवी झाली तर तो पुन्हा कधी चढणार नाही. बुश लेथवर नवीन होईल. घ्यायचा, पण किंमत त्या हिशेबाने.

ए-फ्रेम. सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा, ८ बाय ३ फुटांच्या दोन बाजू. वेल्डिंगवर हातोडीने टकटक केली, आवाज खणखणीत. बिजागऱ्या जाड, पिन सरळ. दोन्ही बाजूंच्या साखळ्यांच्या कड्या एकेक पाहिल्या. ताण येऊन कडी लांबट झाली की जोडाशी फट दिसते. एक हुक तसा उघडलेला होता. प्लाय मात्र नाही म्हणजे नाही. वरून पिवळा-निळा रंग सुंदर, पण रुपयाचं नाणं वाजवत खालपर्यंत गेले तेव्हा शेवटच्या हातभर भागात आवाज भद भद येऊ लागला. जमिनीची ओल तिथूनच चढते. सांगाडा हवा, प्लाय नको.

वीव्ह पोलचा लोखंडी पाया दोन ठिकाणी वाकलेला. सरळ करता येतो, पण त्यांनी मागितलेल्या पैशात मी नवा करून घेईन. सोडला.

टायरची रिंग, जिच्यातून कुत्रा उडी मारतो, ती जुन्या पद्धतीची, एकसंध, लोखंडी चौकटीत बांधलेली. ही फुकट दिली तरी नको. कुत्र्याचा अंदाज चुकला आणि छाती रिंगला आदळली तर एकसंध रिंग जागची हलत नाही, सगळा मार मानेला आणि खांद्याला बसतो. आता स्पर्धांमध्ये धक्का लागताच उघडणारी रिंग वापरतात, ती याच कारणाने. प्रशिक्षकांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "मी पण शेवटची दोन वर्षं ती वापरली नाही." त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

डॉगवॉक, म्हणजे कुत्र्याने वरून चालत जायची उंच, अरुंद फळ्यांची वाट, लाकडी, फळ्या पावसात राहिलेल्या. सोडला.

२४ नोव्हेंबर

टनेल, सीसॉ आणि ए-फ्रेमचा सांगाडा मिळून ८,००० ला सौदा झाला. त्यांनी ११,००० पासून सुरुवात केली होती. मी बुश, थर आणि हुक यांचा खर्च कागदावर लिहून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि मान्य केला. घासाघीस करताना वस्तूला नावं ठेवण्यापेक्षा दुरुस्तीचा आकडा समोर ठेवला की देणाऱ्याचा मान राहतो आणि भावही उतरतो. साखळ्यांचा एक जादा जोड त्यांनी आपणहून दिला.

आणायची सोय आधीच लावली होती. सध्या आंबिया बहाराची संत्री रोज नागपूरच्या कळमना बाजारात जातात, आणि माल टाकून छोटा हत्ती टेम्पो रिकामाच परत येतो. ओळखीच्या गाडीवाल्या भाऊंनी ७०० रुपयांत सगळं घरापर्यंत आणलं. वेगळी गाडी केली असती तर वाहतुकीतच बजेट संपलं असतं. जुनं सामान शहरातून घेणाऱ्याने आधी परतीची गाडी बघावी, मग सामान.

गावात उतरवताना पोट्टे जमा झाले. शेजारचे बुढे बाबा काठी टेकत आले, सीसॉकडे पाहून म्हणाले, "काहून वं पोरी, कुत्र्याइले बी आता झोपाळा पायजे काय?" मी त्यांना सगळं समजावलं, की घड्याळ लावून एकेक कुत्रा धावतो, अडथळा चुकला की गुण जातात. त्यांनी डोळे बारीक केले. "म्हंजे कुत्र्याइचा शंकरपट होय, असं सांग ना!" तरुणपणी त्यांच्या घरी गवळाऊ बैलांची जोडी होती, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, सेकंदाच्या तुकड्यावर निकाल लागताना त्यांनी पाहिले आहेत. त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही.

२ डिसेंबर

टनेलची सफाई. याला घाई केली नाही.

दुसऱ्यांची कुत्री ज्यातून वर्षानुवर्षं गेली, त्यातून आपलं कुत्रं लगेच सोडायचं नाही. पार्व्होचा विषाणू कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि सावलीच्या, ओलसर जागी महिनोन्‌महिने तग धरतो. लाल्या लहान होता तेव्हा गल्लीतली पिल्लं पार्व्होने गेलेली मी पाहिली आहेत. साध्या साबणाने तो मरत नाही. ब्लीच लागतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट.

आधी टनेल उलटासुलटा करून झाडला, मग साबणाच्या पाण्याने घासला. ही पायरी गाळून चालत नाही, कारण मातीचा-घाणीचा थर असेल तर ब्लीचची ताकद तिथेच खर्च होते. नंतर घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आतून बाहेरून लावून दहा मिनिटं ओलं राहू दिलं. मग भरपूर पाण्याने धुतलं. हातात मोजे, नाकाला फडकं, जागा उघडी. शिवणीत गोचिडांची अंडी असतात, तिथे जुना दातांचा ब्रश चालवला. उन्हात एक दिवस वाळवला, जास्त नाही, कारण ऊनच पीव्हीसीचा शत्रू आहे.

भोकांना दोन्ही बाजूंनी ताडपत्रीची चिकटपट्टी. कडा गोल कापल्या, चौकोनी कोपरा आधी उचकटतो.

टनेल जागेवर बसवायला वाळूच्या पिशव्या लागतात, नाहीतर लाल्यासारखं कुत्रं वळणावर आत आदळलं की सगळा बोगदाच लोळतो. खताची रिकामी पोती अर्धी कापून शिवली, प्रत्येकीत आठ-दहा किलो वाळू, दोन-दोन पिशव्या रुंद पट्ट्याने जोडून टनेलवर खोगिरासारख्या टाकल्या. पट्टा सैल हवा. तो टनेलला आवळत असेल तर आतला व्यास कमी होतो.

८ डिसेंबर

सीसॉचा बुश आर्वीच्या लेथवाल्यांकडून करून आणला. वेल्डिंग, ए-फ्रेमचा हुक आणि बुश मिळून ६०० रुपये. लेथवाल्या भाऊंनी विचारलं, "ताई, वजन किती येनार यावर?" वीस किलो म्हटल्यावर त्यांना पटेना की एवढ्यासाठी इतकी बारीक मापं कशाला. मी म्हटलं, वजन कमी आहे, पण ते धावत येतं.

घरी येऊन एफसीआयची चाचणी केली: खाली येणाऱ्या टोकाच्या ९० सेंमी पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध एक किलो वजन ठेवायचं, फळी दोन ते तीन सेकंदांत जमिनीला लागली पाहिजे. त्याहून लवकर आली तर हलकं कुत्रं दचकतं, उशीर झाला तर टोकाशी जाऊन थांबतं आणि उडी मारतं. किराणा दुकानातून वजनाचं माप मागून आणलं, पुतण्याने मोबाइलवर वेळ लावली. पहिल्यांदा फळी अर्ध्यावर अडकून राहिली, नवा बुश घट्ट होता. ग्रीस भरून, वीस-पंचवीस वेळा वरखाली करून पुन्हा पाहिलं, अडीच सेकंदांच्या आसपास आली. सीसॉ विकत घेताना खिशात एक किलोचं माप असावं, असं मी कुणालाही सांगेन.

आवाजाचं काय करायचं हा प्रश्न होता. ॲल्युमिनियमची फळी कडक जमिनीवर आपटली की ठाण्‌कन वाजते. झिपरी दिवाळीत कोठीतून बाहेर येत नाही. दोन्ही टोकांखाली गोणपाटाच्या चौपदरी घड्या घातल्या. आवाज थप्प इतकाच येतो. ती निश्चिंत झाली की एकेक पदर कमी करायचा.

२० डिसेंबर

ए-फ्रेमचं प्लाय. इथे पैसा वाचवला नाही. मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून, १२ मिमी, ८ बाय ३ चे दोन ताव: ४,४०० रुपये. दुकानदार साधं प्लाय निम्म्याजवळ देत होता आणि "रंग मारला की सारखंच" म्हणत होता. सारखं नाही. साध्या प्लायचा गोंद ओल धरला की सुटतो, आणि मी नागपुरात नाणं वाजवून जे सोडून आले तेच दोन पावसाळ्यांनी माझ्या दारात आलं असतं. कापलेल्या कडांना रंगाचे दोन जादा हात दिले, पाणी शिरतं ते कडेतूनच.

वरच्या थराचा शोध रंजक झाला. पूर्वी रंगात वाळू मिसळून खरखरीत करायचे. पकड मिळते, पण कुत्र्याच्या पंजाची गादी सोलते. आता स्पर्धेच्या साहित्यावर रबराचे बारीक दाणे असतात. ते विकत घेणं परवडणारं नव्हतं. मग सुचलं की टायर रिमोल्ड करणारे जुन्या टायरची पाठ घासतात, तेव्हा रबराचा चुरा पडतो. वर्ध्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून एक गोणी आणली, चहापाण्यापुरते पैसे दिले. त्यात लांब धागे असतात. गव्हाच्या चाळणीतून चाळून फक्त बारीक चुरा घेतला, आणि चुंबक फिरवला, कारण रेडियल टायरच्या तारेचे तुकडे त्यात असू शकतात. दोन-तीन तुसं निघाली. ही पायरी कुणी गाळू नये.

प्लायवर जाड रंगाचा हात, ओला असतानाच वरून चुरा पेरायचा, हलक्या रोलरने दाबायचा, वाळल्यावर सैल चुरा झाडून पुन्हा एक पातळ हात. रंग निळा, खालच्या १०६ सेंमीला पिवळा. उतरताना कुत्र्याचा पंजा या पिवळ्या भागात पडलाच पाहिजे असा नियम आहे, म्हणजे ते वरूनच उडी मारत नाही आणि खांदे वाचतात. सीसॉच्या फळीवरही हाच थर दिला. रंग, रोलर, चुरा मिळून १,१५० रुपये.

ए-फ्रेमवर आडव्या पट्ट्या लागतात, २ सेंमी रुंद, साधारण दर २५ सेंमीला. सुतारकाकांनी सागाच्या उरलेल्या कापांतून काढून दिल्या, वरच्या कडा रंध्याने गोल करून. त्यांनी पैसे घेतले नाहीत. संत्री दिली.

उंचीचं गणित: स्पर्धेच्या ए-फ्रेमच्या बाजू २.६५ ते २.७५ मीटर लांब आणि शेंडा १.७० मीटरवर. आमच्या बाजू ८ फुटी, म्हणजे २.४४ मीटर. तोच उतार हवा तर शेंडा दीड मीटरच्या किंचित वर यायला हवा. सुरुवातीला साखळी सोडून एक मीटरपर्यंत खाली आणला आहे.

३ जानेवारी

जंप. हे जुने शोधत बसण्यात अर्थ नाही. पीव्हीसीचा पाइप आणि टी, एल्बो कोणत्याही कृषी केंद्रात मिळतात, आणि जुना पाइप उन्हाने ठिसूळ झालेला वरून कळत नाही. तुटला की त्याचं टोक सुरीइतकं धारदार असतं. माझ्या नियमात ही नवी घ्यायची वस्तू.

आडवी दांडी १.२० मीटर. तिला आधार देणारे कप जाड पाइपचे तुकडे उभे अर्धे चिरून केले, उथळ ठेवले. दांडी कोणत्याही बाजूने धक्का लागला तरी पडली पाहिजे. खिळ्यावर किंवा भोकात अडकवलेल्या दांडीवर मी माझं कुत्रं सोडणार नाही. पुतण्याने लाल पट्ट्या लावायला घेतल्या होत्या, त्याला थांबवलं. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. वाळल्या गवतासमोर लाल पट्टी त्याला मातकट दिसते. निळ्या आणि पिवळ्या लावल्या.

पाइप, जोड, टोप्या, पट्ट्या आणि पुढचे वीव्ह पोल धरून १,९०० रुपये.

१६ जानेवारी

वीव्ह पोल झाले. बारा काठ्या, मीटरभर उंच, दोन काठ्यांत ६० सेंमी अंतर, जाडी ३२ मिमी. आधी बांबू घ्यावा असं वाटत होतं, आपल्याकडे बांबूला तोटा नाही, पण त्याचं कुसळ कुत्र्याच्या खांद्यात जातं. थेट जमिनीत रोवायचं तर वाळलेल्या काळ्या मातीत पहार लागते आणि जमीन ओली झाल्याबरोबर काठ्या कलतात. म्हणून दादाच्या शेडमागे पडलेली लोखंडी पट्टी घेतली, ओळंब्याच्या दोरीने सरळ आहे ना पाहिलं, वेल्डिंगवाल्या भाऊंनी दाखवल्या खुणांवर सळईचे खुंट लावून दिले. गेल्या खेपेच्या ६०० मध्येच हेही धरा म्हणाले. काठ्या खुंटांवर नुसत्या बसतात, कुत्रं आपटलं तर वाकतात आणि परत उभ्या होतात. पट्टीचे आडवे पाय कुत्र्याच्या वाटेत येणार नाहीत, काठीच्या रेषेतच येतील, हे नीट बघून घेतलं.

संक्रांतीच्या सुट्टीत पोट्टे आले. झिपरी दोन काठ्यांतून गेली, तिसरीला विचारात पडली. दोनच काठ्यांवर थांबलो. तिला तेवढं पूर्ण आलं की चार.

१ फेब्रुवारी

एका ओळखीच्यांनी निरोप धाडला, वणीकडच्या भंगारात खाणीतली हवेची मोठी कापडी नळी आहे, स्वस्तात दुसरा बोगदा होईल. फोटो मागवला. आत तार नाही, हवा भरली तरच ती फुगते. कुत्रं आत शिरल्यावर अंगावर कापड पडणार, आणि कोळशाची धूळ वेगळी. नाही म्हटलं. कापड अंगावर पडणारे बंद बोगदे पूर्वी स्पर्धेत होते, कुत्री त्यात गुरफटून दुखापती व्हायच्या, म्हणून ते आता जवळपास सगळीकडून गेले आहेत. स्वस्त मिळतं म्हणून ते माझ्या वावरात आणायचं कारण नाही.

१५ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा सलग: तीन जंप, टनेल, ए-फ्रेम, दोन जंप. लाल्या टनेलमधून असा सुटला की पिशव्या जागच्या हलल्या नाहीत आणि पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. ए-फ्रेम आता सव्वा मीटरवर आहे. तो माथ्यावर क्षणभर थांबून सगळ्या शिवाराकडे बघतो आणि मग उतरतो, पिवळ्यात पंजा टाकतो. मला फार आनंद झाला. झिपरी सीसॉवर मधोमध पोचते, फळी कलायला लागली की थांबते, आणि खाली टेकेपर्यंत थांबूनच राहते. हे तिने स्वतः शोधलं. बंडीच्या दांडीवरची विद्या.

हिशेब: साहित्य ८,०००, वाहतूक ७००, प्लाय ४,४००, रंग-चुरा १,१५०, लेथ-वेल्डिंग ६००, पाइप १,९००, ब्लीच-चिकटपट्टी १५०. एकूण १६,९००. आईला वही दाखवली.

सगळ्यात जास्त पैसा प्लायवर आणि सीसॉवर गेला, आणि तो तिथेच जायला हवा होता, कारण कुत्र्याचा पाय घसरतो, खांदा आदळतो तो या दोन ठिकाणी. जंपची दांडी वीस रुपयांची असली तरी चालते, ती पडायलाच असते.

२ मार्च

ऊन वाढलं. सकाळी नऊलाच सीसॉच्या फळीवर तळहात ठेवला तर टेकवत नाही, म्हणजे पंजालाही सोसणार नाही. आता सराव फक्त तांबडं फुटताना, अर्धा तास. एप्रिलपासून बंद.

टनेल आवळून, दोन ठिकाणी पट्टा बांधून कोठीत ठेवला आहे. कापूस विकेपर्यंत कोठीत पाय ठेवायला जागा नव्हती, गेल्या आठवड्यात ती रिकामी झाली. टिनाखालच्या माळ्यावर ठेवणार नाही: तिथे उष्णतेने पीव्हीसी कडक होतं आणि उंदीर आहेत. ए-फ्रेमच्या बाजू विटांवर, जमिनीपासून वर, भिंतीला उभ्या. बुशात ग्रीस भरून वर प्लास्टिक बांधलं.

शिल्लक १,१०० रुपये. ते डॉगवॉकला. फळ्या ३.६ मीटरच्या वर, ३० सेंमी रुंद, तीन लागतील. लाकडाच्या घेणार नाही, ॲल्युमिनियमच्या जुन्या मिळाल्या तरच. मचाणासाठी वापरतात त्या फळ्या चालतील का, हे विचारायला उद्या वर्ध्याच्या एका बांधकाम ठेकेदारांकडे जायचं आहे. माप आणि नाणं पिशवीत ठेवलं आहे.